बिरूचं बारावं प्रकरण

बिरू, काल तुझ्या दहाव्याला पिंड ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला. ओढ्याच्या काठी तुझे भाऊबंद अजून मागे सरकलेही नव्हते. सगळे म्हणाले, "बरं झालं, कशात मन अडकलं न्हवतं पोराचं." मी मात्र जागच्या जागी चरकलो. उंब्रजहून तुझ्या गावापर्यंत येताना मी वाटभर एक वाक्य पाठ करत आलो होतो. कावळा शिवायला वेळ लागला की लोक पुढे होऊन मेलेल्या माणसाला वचन देतात, तसं मीही म्हणणार होतो, "बिरू, तुझं पुस्तक पुरं छापून घेतो." तू मला तोंडच उघडू दिलं नाहीस. तुला माझं वचन नको होतं, की माझ्या वचनावर तुझा भरवसा नव्हता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. शाळेत पोरानं पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारलं तरी मी आधी त्याच्या खिशाकडे बघतो. तू एकदा म्हणालास, "मास्तर, तुमी मिल्ट्रीत आला असता तर तुमाला सेन्सारात घेतलं असतं." शिपायांची पत्रं फोडून नको त्या ओळींवर काळी शाई फिरवणारं ते खातं, हे तूच मला सांगितलं होतंस. मी हसलो. मग आठवडाभर त्या वाक्याचा अर्थ लावत बसलो. तू सहज बोललास की मला काही सुचवलंस?

तू आमच्या दारात पहिल्यांदा आलास तेव्हा लढाई संपून वर्ष झालं होतं आणि माझा धाकटा भाऊ ज्ञानू इटलीत पडला त्याला दोन वर्षं. खांद्यावर घोंगडं, पायांत सरकारी बूट आणि काखेत शाळकरी वह्यांचा गठ्ठा. "खेचरांच्या कंपनीत ज्ञानूच्या संगं हुतो," एवढंच म्हणालास. आईनं तुला पाट दिला, गूळपाणी दिलं, आणि तुझ्या हातावरून हात फिरवत राहिली, जणू त्या हाताला ज्ञानूचा हात कधीतरी लागला असणार. मी खांबाला टेकून तुला न्याहाळत होतो. दोन वर्षांनी हा माणूस माणदेशातून एवढी वाट तुडवत कशाला आला? मला त्या गठ्ठ्याचीच काळजी वाटत होती.

तू देव्हाऱ्याकडे बघत होतास. तिथे ज्ञानूचा टाक होता. घरातला माणूस लढाईत पडला की चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्ती उठवून देवांत बसवायची, ही आमच्या घरची रीत. सोनाराकडे त्यासाठी ठसा एकच, घोड्यावर बसलेला आणि तलवार उपसलेला वीर. आजोबांच्या चुलत्याचा टाक तसाच, ज्ञानूचाही तसाच. आई चुलीकडे गेल्यावर तू मला हळूच विचारलंस, "ज्ञानू घोड्यावर कवा बसला हुता?"

"टाक असाच असतो," मी म्हणालो.

"खेचराचा करत न्हाईत व्हय?"

थट्टा म्हणून विचारलं असतंस तर मी रागावलो असतो आणि विषय मिटला असता. पण तू खरोखरच विचारत होतास. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. मग तू वही उघडून माझ्यापुढे ठेवलीस आणि मी पुरता गार पडलो. ते अक्षर मी ओळखत होतो. डावीकडे कललेलं, 'ल' ला आकडीसारखी शेपूट. ज्ञानूची इटलीतली सगळी पत्रं त्याच अक्षरात आली होती.

ज्ञानूला लिहितावाचता येत नव्हतं, हे तुला वेगळं सांगायला नको. वडील गेले तेव्हा दोघांपैकी एकानं शिकायचं आणि एकानं बैलांमागे जायचं, असं ठरलं. ठरवलं आईनं, पण ज्ञानू स्वतःच दप्तर आणून माझ्यापुढे ठेवून गेला. त्यामुळे तिकडून तो सांगायचा नि तू लिहायचास, इकडून आई सांगायची नि मी लिहायचो. आईचं पत्र तिकडे तू वाचायचास, ज्ञानूचं पत्र इकडे मी. म्हणजे पलटणीत काय गेलं आणि तिथून काय आलं, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातला एक माझ्या ओट्यावर बसून गूळ खात होता.

तू म्हणालास, "कादंबरी लिवलीया. सुद्दलेखन तेवढं बगा." सांगलीच्या एका छापखान्यात तू खिळे जुळवायला लागला होतास आणि मालकानं पहिली दोन प्रकरणं ऐकून छापतो म्हटलं होतं. मी नाही म्हणू शकलो असतो. पण नाही म्हटलं तर वहीत काय आहे ते मला कळणार कसं? तेव्हा मी हो म्हणालो. माझ्या उपकाराखाली तू वाकत होतास, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, आज सांगतो.

मग दर दुसऱ्या रविवारी तू यायला लागलास. कादंबरीचं नाव 'खेचरवाला'. मालकाला ते पसंत नव्हतं, त्याला रणधुमाळी असलेलं काहीतरी हवं होतं. पण तुझ्या कादंबरीत धुमाळी कुठे होती? तिसरं प्रकरण अख्खं खेचरावर ओझं कसं लादायचं याचं, पट्टा कुठे आवळायचा, पाठीला फोड आला तर खोगिराखाली काय घालायचं. पाचव्यात एक हवालदार धुक्यात वाट चुकून शत्रूच्या पाठीमागे जातो, परतायची भीती वाटते म्हणून तिथेच दडून बसतो, आणि त्याला बिल्ला मिळतो. मी समासात लाल शाईनं लिहिलं, 'यात वीररस कोठे आहे?' पुढच्या खेपेला त्याखाली तुझ्या पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'त्या दिवशी रेशनात आला न्हवता.'

हसू आलं, आणि रागही आला. मी शाळेत इतिहास शिकवतो. वर्गात मुलांपुढे उभं राहून गड, तलवारी, घोडे सांगताना माझा आवाज आपोआप चढतो. तुझ्याशी मी तावातावानं भांडलो ते त्यासाठी, असं तुला वाटत असेल. "वाचकाला मान वर करून बघायला कुणीतरी लागतं रे, बिरू," मी म्हणायचो.

"बगू द्या की. पर ज्याच्याकडं बगायचं त्यो मानूस तरी आसावा, मास्तर. चांदीचा पत्रा नको."

"मग तुझ्या लेखी शूर कोण?"

"मला ठावं न्हाई. म्हनून तर लिवतूया."

एका नागपंचमीला आपण शिराळ्याला गेलो होतो. तुझ्या छापखान्यातल्या सोबत्याचं ते गाव. मिरवणुकीत नाग घेतलेले गडी छाती काढून चालले होते, मी टाचा उंच करून बघत होतो. बाजूच्या गल्लीत एक मध्यम वयाचा माणूस नागाचं मडकं खाली ठेवून भिंतीला टेकला होता. मडक्याला हात लावायला तो तयार नव्हता. "मला न्हाई जमत आज," तो म्हणाला, आणि त्याचेच भावबंद त्याला हसले. तू गर्दी सोडून त्याच्याजवळ जाऊन बसलास, त्याला विडी दिलीस, पेटवून दिलीस. परत येऊन म्हणालास, "एवड्या मानसांत त्येवडाच खरं बोलला बगा." मी म्हटलं, भित्र्याचं कौतुक पुरे झालं. तू माझ्याकडे वळून बघितलंस. त्या बघण्यानं मी इतका बिचकलो, की परतीच्या वाटेवर तुझ्याशी धड बोललोच नाही. तुला वाटलं असेल, मास्तर थकले.

अकरावं प्रकरण आणलंस तो रविवार. तुला तेव्हाच खोकला होता. तू समोर बसून होतास आणि मी वाचत होतो. तुझा खेचरवाला, सखाराम, इस्पितळात पडलेला आहे. डोंगरातल्या चिखलानं आणि गारठ्यानं त्याचे पाय सुजून काळे पडलेत. डॉक्टर म्हणतो, तू हो म्हणालास तर घरी पाठवायचं लिहितो, नाही म्हणालास तर पाय जरा बरे झाले की परत कंपनीत. सखाराम सोबत्याला बोलावून घरी पत्र लिहायला सांगतो. तिथे प्रकरण संपतं. वाचताना ओळी माझ्या डोळ्यांपुढे हलत होत्या आणि तू माझ्या तोंडाकडे एकटक बघत होतास. मी वही मिटली.

"शुद्धलेखन ठीक आहे," मी म्हणालो.

"बरं," तू म्हणालास.

पुढच्या खेपेला बारावं दिलंस. "ह्ये सावकाश वाचा, मास्तर. ह्यो शेवट हाय." तू गेल्यावर मी दाराला कडी घातली आणि पहिली दोन पानं वाचली. घरून पत्र आलेलं आहे, सोबती ते उघडतो. त्यापुढे माझ्यानं वाचवलं नाही. वही ट्रंकेत खाली धोतरांच्या आड घातली. पाच महिने ती तिथेच राहिली. तू विचारलंस, "बारावं?" मी म्हणालो, "बघतोय." परत विचारलंस, मी म्हणालो, "शाळेत तपासणी आहे." त्यानंतर तू विचारलं नाहीस. खोकत यायचास, आईच्या हातची भाकरी खायचास, जायचास. तुझी छाती त्या इटलीतल्या गारठ्यानंच खाल्ली होती, हे तुझ्या थोरल्या भावानं काल मला सांगितलं. तो असंही म्हणाला, "लय वाट बगत हुता तुमची. मास्तर आलं का, मास्तर आलं का." मी कानांवर हात ठेवले नाहीत एवढंच.

आता जे तुला तोंडावर सांगितलं नाही ते सांगतो. उशीर झालाय, पण सांगतो.

ज्ञानूचं ते पत्र बाजाराच्या दिवशी आलं. त्याआधीच आठवड्यात भरतीवाले साहेब गावात येऊन गेले होते. त्यांनी चावडीसमोर आईला खुर्चीवर बसवलं होतं, अख्ख्या गावादेखत. आमच्या गावात बाईमाणूस खुर्चीवर बसलेलं तेव्हा पहिल्यांदा दिसलं. शाळा तपासायला आलेले अधिकारी मला "वीराचे बंधू" म्हणाले होते. ज्ञानूची पत्रं मी पारावर वाचायचो, लोक जमायचे, आई पुढे बसायची. आणि मी ती कधीच जशी होती तशी वाचली नाहीत, बिरू. तू लिहायचास, 'खेचराला खरूज झालीया, गंधक लावतूया.' मी वाचायचो, तोफा धडाडत आहेत. तू लिहायचास, 'हितली मेंढरं आपल्यावानीच हायती.' मी वाचायचो, शत्रू माघार घेत आहे. लोकांना आवडायचं. आईला आवडायचं. मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी पत्र वाचता वाचता मधेच तुझ्या कललेल्या अक्षरात ती ओळ आली. 'पाय लय खराब झाल्याती. डागदर म्हनतो व्हय म्हन, घरी धाडतो. आईला इचार, यिऊ का?'

समोर माणसं बसली होती. मी वर बघितलं आणि वाचलं, "पायाला जरा लागलं होतं, आता ठणठणीत बरा आहे, पुन्हा आघाडीवर जायला उतावीळ झालो आहे." लोकांनी वाहवा केली. आईनं पदरानं डोळे पुसले. आणि घरी येऊन मी उत्तर लिहिलं. तिला विचारलंच नाही. 'मातोश्रींचा आशीर्वाद. प्रकृती सुधारताच कामावर रुजू व्हावे. माघारी फिरून घराण्याच्या नावास बट्टा लावू नये.'

मी असं का केलं याचं उत्तर मी स्वतःकडे वकिलासारखं मागत आलोय, आणि जे उत्तर मिळतं त्याचाही मला संशय येतो. मला वाटलं, आठवड्यापूर्वी खुर्चीवर बसलेली आई उद्या चारचौघांत काय सांगणार? मला वाटलं, त्याचे पाय बरे होतील. कधी वाटतं, मी खडू धरून घरी बसलो होतो, तेव्हा घरातलं कुणीतरी घरी बसलेलं नसावं, अशी मला गरज होती. हे शेवटचं खरं असावं, कारण ते लिहिताना हात अडखळला.

दोन महिन्यांत तार आली. 'कामगिरीवर असताना' एवढंच. बाकीचं मी भरलं. सात शत्रू, उपसलेली संगीन, ओठांवर देवाचं नाव. तो सातचा आकडा कुणी काढला असं तू एकदा विचारलं होतंस. मी म्हणालो होतो, लोक म्हणतात. लोक म्हणजे मीच.

तर असा मी, आणि माझ्यासमोर तू, त्या पत्राचा लेखक आणि त्या उत्तराचा वाचक. तुझी प्रत्येक ओळ मला पुरावा वाटायची. तू पायांचं वर्णन लिहिलंस की मला वाटायचं, जाळं आवळतोय. तू आईच्या पाया पडलास की वाटायचं, आता सांगणार. तू भाकरी खाऊन "लय दिसांनी आसं जेवलो" म्हणालास, तरी मी त्यात काहीतरी शोधायचो. माझ्या घरात तू कधी तंगड्या पसरून निवांत बसलास तेही मला बघवलं नाही.

काल दहाव्याहून निघताना तुझ्या छापखान्याच्या मालकांनी मला गाठलं. बरा माणूस, तुझ्यासाठी सांगलीहून आला होता. म्हणाले, "मास्तर, अकरा प्रकरणं जुळवून तयार आहेत. त्यानंच जुळवलीत. बारावं तुमच्याकडं आहे म्हणायचा. ते द्या, नाहीतर शेवट तुम्हीच लिहून टाका. तुमची भाषा सुरेख आहे. शेवटाला एक चढाई घाला, टेकडीवर झेंडा लावतोय असं काहीतरी. झेंडा आता आपलाच आहे, अडचण नाही."

मी नाही म्हणालो नाही, बिरू. मोटारीत बसलो आणि कराड येईपर्यंत सखाराम टेकडी चढलासुद्धा होता. मनातल्या मनात मी चांगली दोन पानं लिहिली. त्याचे पाय बरे केले. त्याच्या हातात बंदूक दिली. कुणाला कळणार होतं? कळणारा तू, आणि तुझ्या पिंडाला कावळा शिवलेला. उंब्रजला उतरलो तेव्हा मला माझीच किळस आली होती, तरीही झेंड्याचं वाक्य छान जमलंय हे डोक्यातून जात नव्हतं.

आज सकाळी ट्रंक उघडली आणि वही काढून बारावं प्रकरण शेवटपर्यंत वाचलं.

घरून आलेलं पत्र सखारामचा सोबती उघडतो. त्याला तू नाव दिलेलं नाहीस, नुसतं 'लिवनारा' म्हटलंयस. तो आधी मनातल्या मनात वाचतो आणि थबकतो. त्याला संशय येतो. हे आईचे शब्द नव्हेत, असं त्याला वाटतं. आई आधी जेवलास का विचारेल, पाय कुठे दुखतो विचारेल. बट्टा हा शब्द आईच्या तोंडी कुठून येईल? खाटेवरून सखाराम विचारतो, "काय म्हनती आई?" लिवनाऱ्याच्या मनात येतं, 'ये' म्हणते म्हणून सांगावं. एक शब्द. कोण विचारणार आहे? पण अख्ख्या कंपनीत त्याची एकच प्रतिष्ठा आहे, की हा कुणाच्या पत्रातलं अक्षर इकडचं तिकडे करत नाही. तो पत्र जसंच्या तसं वाचतो. सखाराम म्हणतो, "परत एकदा वाच." परत वाचतो. सखाराम म्हणतो, "बरं," आणि पायाला पट्ट्या गुंडाळायला लागतो.

तिसऱ्या आठवड्यात डोंगरातल्या धुक्यात खेचराचा पाय निसरतो. सखारामच्या बोटांत गारठ्यानं जोर नसतो म्हणून त्यानं दोरी मनगटाला गुंडाळलेली असते. खेचर दरीत जातं, त्याच्याबरोबर तोही. पाठीवर मुरंब्याचे डबे आणि चहा असतो. वर खंदकात बसलेल्या माणसांना त्या दिवशी चहा मिळत नाही. नंतर अधिकारी लिवनाऱ्याला घरी कळवायला सांगतो, की गडी शूर होता, आणि लिवनारा म्हणतो, साहेब, तो शूर होता हे खरं आहे, सगळ्या कंपनीला घरी जायचं होतं पण 'येऊ का' असं विचारायची छाती त्या एकट्याचीच झाली. साहेबाला ते कळत नाही. शेवटच्या पानावर तू लिहिलंयस, 'त्या दिशी एक शब्द खोटा वाचायला मी भ्यालो. त्याच्यावानी धाडस माझ्यात न्हवतं.'

माझ्याबद्दल एक अक्षर नाही. घरी पत्र कुणी लिहिलं, हे सगळ्या कादंबरीत कुठेच नाही. मी पानं मागेपुढे केली, समास तपासले, वहीच्या पुठ्ठ्याच्या आतून बघितलं.

म्हणजे तू मला पकडायला आला नव्हतास. तू तुझं सांगायला आला होतास. अकरावं प्रकरण वाचताना तू माझ्या तोंडाकडे बघत होतास, ते मी आता ओरडेन म्हणून. बारावं वाचून मी विचारेन, की बिरू, तुला संशय आला होता तर तू ते पत्र वाचलंसच का? दोन अडीच वर्षं आपण एका घोंगड्यावर समोरासमोर बसून एकमेकांना भीत होतो आणि मधे शुद्धलेखनाच्या गोष्टी बोलत होतो. पाच महिने मी वही दाबून ठेवली तेव्हा तुला काय वाटलं असेल? की मास्तरांनी वाचलं, आणि मास्तर मला क्षमा करत नाहीत. असंच वाटून तू गेला असशील. हे मला सहन होत नाही, बिरू. आणि त्याच वेळी तुझा असा राग येतो की समोर असतास तर तुला गदागदा हलवलं असतं. विचारायचंस की रे एकदा! मी तरी कुठे सांगितलं म्हणा.

आणि तरी, बघ माझी जात, संशय जात नाहीच. तुला खरंच माहीत नव्हतं का, की ते उत्तर माझं होतं? बट्टा हा शब्द तुला खटकला, आणि माझी भाषा तर तू दर खेपेला ऐकत होतास. मला वाटतं तुला माहीत होतं. तू सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतलास आणि मला वगळलंस. पण मग बारावं प्रकरण थेट छापखान्यात न जुळवता माझ्याच हाती का दिलंस? ही दया होती की परीक्षा? दया असेल तर मी तुझा ऋणी आहे आणि ती मला पेलत नाही. परीक्षा असेल तर पाच महिने मी नापास होत होतो. तुझ्याकडून उत्तर आता यायचं नाही.

उद्या मी सांगलीला जाऊन मालकांना वही देणार आहे, एकही शब्द न बदलता, तुझ्या चुकांसकट. झेंडा हवा असेल तर त्यांनी दुसरं पुस्तक बघावं. पण छापलेलं पुस्तक गावात येईल, कुणीतरी पारावर वाचेल, आणि त्याआधी एका माणसानं ते माझ्या तोंडून ऐकायला हवं होतं.

दुपारी आई ओट्यावर ज्वारी निवडत होती. मी म्हटलं, "आई, बिरूनं लिहिलंय ते वाचून दाखवतो." ती म्हणाली, "वाच. गुनाचा हुता पोरगा." मी बारावं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. कुठे थांबलो नाही, कुठे काही घातलं नाही. चांगलं वाचता आलं नाही, माझा आवाज कुठेही चढत नव्हता. तिनं मधेच निवडायचं थांबवलं. वाचून झाल्यावर मी सांगितलं, "हा सखाराम म्हणजे ज्ञानू. आणि घरून गेलेलं ते उत्तर मी लिहिलं, तुला न विचारता."

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"त्येनं इचारलं हुतं?"

"हो."

"कुनाला?"

"तुला."

"आन् तू मला सांगितलं न्हाईस." हे तिनं विचारलं नाही, नुसतं म्हणाली. मी पाय धरायला वाकलो तर तिनं पाय मागे घेतले.  मला वाटेल ते बोलली असती तर बरं झालं असतं.

मग म्हणाली, "ते पत्र हाय का?"

"आहे."

"आन. आन् त्येनं इचारलेलं तेवढंच वाच."

मी पत्र आणलं आणि पारावर गाळलेली ती ओळ साडेचार वर्षांनी तिच्यापुढे वाचली. 'आईला इचार, यिऊ का?'

"आता लिव," ती म्हणाली. मला वाटलं तिला भ्रम झाला. पण ती माझ्याकडे सरळ बघत होती, शुद्धीत, आणि वाट बघत होती. मी दौत घेतली, कागद घेतला. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. 'बाळा ज्ञानू, लगीच ये. कोन काय म्हनंल त्येचा इचार करू नगंस. पायाला शेकायला ऊन पानी ठेवते. वाटंत कुटं थांबू नगंस, तसाच ये.' खाली तिनं अंगठा उठवला.

तो कागद माझ्यापुढे आहे, बिरू. पत्ता काय घालायचा ते मला माहीत नाही. पण ज्ञानूला वाचता येत नाही, आणि तिथे त्याच्याजवळ लिहितावाचता येणारं माणूस आता तूच आहेस. त्याला वाचून दाखव. मी काही घातलेलं नाही, तू जसंच्या तसं वाच.